घड्यावरचा बिबळ्या

साहेब काहीच म्हणाले नव्हते.

हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या घरात कित्येक वर्षं सगळे असंच धरून चालले होते की साहेब म्हणाले. तसं मीच सांगितलं होतं. माझ्या बायकोने एक घडा रंगवला होता. त्यावर पंखांचे सिंह होते, बाईच्या तोंडाचे पक्षी होते, आणि ते बघून आमच्या सौदी साहेबांना म्हणे वाईट वाटलं. प्रत्यक्षात त्यांनी तो घडा पाहिलाही नव्हता. घाबरलो होतो मी. ती भीती स्वतःच्या नावावर सांगायची लाज वाटली, म्हणून ती मी त्यांच्या तोंडी घातली.

भीती कुठून आली ते सांगतो. ही सबब नाही, फक्त माहिती. लग्नानंतर ही, म्हणजे माझी बायको, नाशिकच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, इकडे सौदीत आली, तेव्हा आम्ही खमीस मुशैतला राहत होतो. तिथे थंडी पडते, म्हणून घरात ब्लँकेटांचं एक मोठं कपाट होतं. त्याच कपाटात, ब्लँकेटांच्या मागे, आमचे देव होते. दारावरची घंटी वाजली की माझा हात आपोआप त्या कपाटाच्या दाराकडे जायचा. कधी कोणी ते कपाट उघडलं नाही, कोणी काही विचारलं नाही. उलट घरमालकाची म्हातारी आई वरच्या मजल्यावरून आमच्यासाठी भाताचं ताट पाठवायची. पण हाताला लागलेली सवय काही सुटली नाही. पुढे हुफूफजवळच्या कंपनीच्या वसाहतीत आलो, मुलगी मोठी झाली, देशात किती गोष्टी बदलल्या, देव ब्लँकेटांमागून बाहेर येऊन छान देवघरात बसले. तरी त्या देवघराला दार मी लावून घेतलंच.

वसाहतीत आमच्या शेजारी एक इटालियन जोडपं राहायचं. ती बाई रोमच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातली. तिच्या गावात शेत नांगरताना जुन्या थडग्यांचे दगड लागतात. रोमच्याही आधी तिकडे इट्रस्कन लोक राहायचे, त्यांची थडगी. मेलेल्यांसोबत ते रंगवलेले घडे, पेले, सुरया पुरत. त्या भांड्यांच्या नकला करणारे कुंभार अजून तिच्या गावात आहेत. हिची आणि तिची भाषा एक नव्हती. एकीने पुरणपोळी द्यायची, दुसरीने टोमॅटोचं काहीतरी द्यायचं आणि दोघींनी खूप हसायचं, अशी त्यांची मैत्री. नवऱ्याचं काम संपलं आणि ती परत निघाली, तेव्हा तिने स्वयंपाकघरातला आपला रंगवलेला मातीचा जग हिच्या हातात ठेवला. मूठभर उंचीची मान, तीन पाकळ्यांसारखा ओठ, आणि पोटावर ओळीने चाललेले प्राणी.

पहिले काही दिवस घरात दुसरा विषयच नव्हता.

"अहो, इकडे या. या सिंहाच्या तोंडातून बघा काय लोंबतंय. पाय आहे, माणसाचा."

"मग?"

"मग काय! बिचाऱ्याचा जेवताना फोटो काढलाय."

पक्ष्याचं अंग आणि बाईचं डोकं असलेली एक होती. तिच्याकडे बघून ही म्हणाली, "शेवटच्या तासाला आठवी 'ब'च्या वर्गावर जाताना माझं अगदी असंच व्हायचं. वरून बाई, खालून कोंबडी." एक घोडा होता, त्याचा मागचा अर्धा भाग मासळीचा. एका सिंहाच्या पाठीतून बोकडाचं डोकं निघालेलं. मला ते सगळं विचित्र वाटलं. हिला वाटलं नाही. "त्यात काय विचित्र? आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ नाही? देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख नाही? आपण त्यांना ओलांडून पुढे जातो इतकंच. थांबून बघत नाही."

ही वाचायला लागली. मुलीच्या लॅपटॉपवर संग्रहालयांची चित्रं मोठी करकरून बघायला लागली. मग जेवताना मला माहिती मिळायची. या लोकांनी ही जनावरं ग्रीकांच्या भांड्यांवरून उचलली. इटलीत सिंह कुठला? न पाहिलेला प्राणी, तोही दुसऱ्याच्या चित्रावरून काढायचा. म्हणून यांच्या सिंहांचे पाय कधी लांब, कधी आखूड, आणि कंबर पार शेजारच्या प्राण्यापर्यंत गेलेली. मधे जरा जागा रिकामी राहिली की तिथे फूल. "रांगोळीत आपण करतो तसंच," ही म्हणाली. "रिकामी जागा यांनाही सहन होत नव्हती."

मग एका शुक्रवारी आम्ही हुफूफच्या बाहेर डोंगराजवळच्या कुंभाराकडे गेलो. ही एकेक घडा बोटाच्या पेराने वाजवून बघत होती, बाजारात नारळ बघतात तशी. फिकट मातीचे घडे गाडीत सीटबेल्ट लावून घरी आले. आमचं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर वर्तमानपत्रं पसरली आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागलो. ही काळ्या रंगाने प्राणी भरायची, रंग वाळला की तांदळाच्या पोत्याच्या दाभणाने त्यावर ओरखडे काढायची. काळ्याखालून मातीचा फिकट रंग वर यायचा आणि त्या रेषांतून आयाळ, पिसं, बरगड्या उमटायच्या. जुने लोकही असंच करत, असं तिचं म्हणणं. घडा हाताने फिरवताना रेघ हलायची, म्हणून मी वर्कशॉपच्या भंगारातलं एक बेअरिंग मागून आणलं आणि त्यावर पाट बसवून तिला फिरती बैठक करून दिली. त्यावर तिने पहिल्यांदा घडा ठेवला, बोटाने हलकेच ढकलला, आणि सगळी जनावरं एकामागोमाग चालायला लागली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की लग्न ठरलं त्या दिवसानंतर तसं कधी पाहिलं नसेल. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहायला हवं. तिला किती आनंद झाला होता हे माहीत असताना मी पुढचं केलं.

सगळ्यात मोठ्या घड्यावर तिने पूर्ण रांग काढली. पंखांचा सिंह, बाई-पक्षी, घोडमासा, बोकडवाला सिंह, आणि शेवटी एक बिबळ्या. मुलगी तेव्हा बारावीला होती. ती घड्यापुढे वाकून बघत राहिली आणि मग हसत सुटली. "ओ माय गॉड, आई! धिस इज बाबा!"

बिबळ्याच्या भुवया माझ्या होत्या. जाड, मधे जुळलेल्या.

"यात माझा दोष नाही," ही म्हणाली. "त्यांचा नियमच आहे. सिंह असो, पक्षी असो, सगळे बाजूने काढायचे, सगळे आपले पुढे बघत चालतात. बिबळ्याचं तोंड तेवढं समोर असतं. हा एकटा चालता चालता बघतोय, आपल्याकडे कोणी बघतंय का."

मीही हसलो. खरं तर मला तो बिबळ्या फार आवडला होता.

त्या हिवाळ्यात वसाहतीतल्या बायकांनी क्लब हाउसमध्ये आपापल्या हातच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. हिचा घडा मधोमध, उंच टेबलावर ठेवायचा असं सगळ्यांच्या मते ठरलं. आमचे साहेब घरच्यांना घेऊन येणार होते. त्याच दिवसांत माझ्या कराराचं नूतनीकरण अडकलं होतं. कोणाकोणाला परत पाठवणार याच्या बातम्या कॅन्टीनमध्ये रोज नव्याने फुटत. अशात जेवताना एक सहकारी सहज म्हणाला, "वहिनींनी म्हणे राक्षस काढलेत? बघायला यायला पाहिजे."

बस, एवढंच. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी ताट बाजूला सारलं. मला तो घडा उंच टेबलावर दिसायला लागला, सभोवती लोक, आणि मधे माझ्या भुवयांचा बिबळ्या. चित्रं कोणाला खटकली तर? साहेबांनाच खटकली तर? सजीवांची चित्रं काढणं धर्माला धरून नाही असं मानणारा कोणी इथे सापडलाच नसता असं मी म्हणत नाही. पण मी विचारलं नाही. साहेबांचं टेबल माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, आणि मी विचारलं नाही. घरी येईपर्यंत जे घडलंच नव्हतं ते माझ्या डोक्यात पूर्ण घडून गेलं होतं.

"अगं," मी बूट काढता काढता म्हणालो, "त्या घड्याचं साहेबांच्या कानावर गेलंय. अशी चित्रं नकोत म्हणाले."

ती बैठकीपाशी बसली होती. दाभण हातात होतं. मला वाटलं चिडेल, वाद घालेल. ती वाद घालायला लागली असती तर मी बहुतेक खरं बोलून गेलो असतो. पण ती म्हणाली, "त्यांना वाईट वाटलं का हो?"

"थोडं."

"अरेरे. माझ्या लक्षातच आलं नाही."

मुलगी दारात उभी होती. "बाबा, डिड ही अ‍ॅक्च्युअली से दॅट?"

"हो," मी म्हणालो. एकाच गोष्टीसाठी मी दोघींशी खोटं बोललो, मुलीशी तर डोळ्यांत बघून.

हिने घडा जुन्या सुती साडीत गुंडाळला आणि स्टोअरच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. प्रदर्शनात तिने खजुराची झाडं काढलेले ट्रे मांडले. साहेब आले, झाडं बघून "मा शा अल्लाह" म्हणाले, आणि सांगायला लागले की त्यांची आजी त्या डोंगराजवळच्याच कुंभाराकडून पाण्याचे घडे आणायची. ही खाली मान घालून ऐकत होती. मी शेजारीच उभा होतो. माझा करार झाला. त्याचा चित्रांशी काही संबंध नव्हता हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्यानंतर हिने फार काही रंगवलं नाही. एकदा दोनदा ट्रे, मग तेही नाही. मी विचारलं की म्हणायची, "सुचत नाही आता." जेवणाच्या टेबलावर पुन्हा जेवण आलं. बेअरिंगच्या बैठकीवर लोणच्याच्या बरण्या आल्या. लिंबाचं लोणचं हवं असलं की बैठक फिरवायची, बरणी समोर यायची. येणारे पाहुणे त्या युक्तीचं कौतुक करत. 

आणि साहेबांचे खजूर. त्यांची हुफूफला खजुराची बाग आहे. दर मोसमात त्यांचा ड्रायव्हर डबा घेऊन येतो. पूर्वी ही डबा उघडून लगेच एक खजूर तोंडात टाकायची. घड्यानंतर ती डबा आधी दोन्ही हातांनी घेऊन क्षणभर तशीच उभी राहायला लागली. "मनाने मोठा माणूस हो," ती म्हणायची. "आपण दुखावलं, तरी विसरत नाही." मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मुलीला पुण्याच्या कॉलेजसाठी विमानात बसवून परत येताना, गाडीत आम्ही दोघंच, ती रडून शांत झाली होती. मी म्हणालो, "ऐक, तो घडा..." तर तीच म्हणाली, "नाही हो, आता कशाला तो विषय? झालं ते झालं. तुमची नोकरी राहिली ना?" ती माझी समजूत घालत होती. मी गाडी चालवत राहिलो.

या वर्षी साहेब निवृत्त झाले. आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, आणि त्यांना आवडते म्हणून हुफूफच्या लाल तांदळाची खिचडी. मी दही टांगायचा पंचा धुऊन वाळत घातला, खुर्च्या लावल्या, आणि स्वयंपाकघरात आलो तर ही पुऱ्या लाटता लाटता काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं स्तोत्र असेल. अरबी होतं.

"काय म्हणतेस?"

ती जरा लाजली. "पाठ करतेय. रत्नागिरीच्या भाभींकडून फोनवर शिकून घेतलं." या भाभी हुफूफच्या बाजारात दुकान असलेल्या कुटुंबातल्या, अरबी घरच्यासारखं बोलणाऱ्या. "भाभी हसत होत्या मला. म्हणाल्या, अगं, जेवायला बोलावलंयस ना, पुरे की, वर माफी कशाला? पण मी म्हटलं, नाही. ते आता जाणार. पुन्हा कधी भेटतील? त्या वेळी आपण साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. त्यांच्या भाषेत म्हणावं असं वाटलं. ऐका हं, बरोबर आहे का बघा."

आणि तिने पिठाचे हात पदराला पुसून, सरळ उभं राहून, शाळेतल्या मुलीसारखं ते वाक्य मला म्हणून दाखवलं. माझ्या हातून तुमचं मन दुखावलं, मला क्षमा करा, असा त्याचा अर्थ. "क्षमा"च्या शब्दाला अडखळली. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली.

 मी ओट्याला टेकलो.

"ते म्हणाले नव्हते," मी म्हणालो.

"काय?"

"साहेब. घड्याबद्दल ते काही म्हणालेच नव्हते. त्यांनी तो पाहिलाही नाही. ते मीच."

तेल तापलं होतं. तिने गॅस बंद केला. 

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग मी इतकी वर्षं त्या माणसासमोर मान खाली घालून..." तिने वाक्य सोडून दिलं. मग एकदम म्हणाली, "आणि ते खजूर! दर वेळी मला वाटायचं, बघा, दुखावलेला माणूस पाठवतोय. आणि तुम्ही टीव्ही मोठा करायचात. तेव्हा वाटायचं, यांना क्रिकेटचं वेडच फार."

 बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं, आणि तरी काहीच झालं नव्हतं.

"घडा काढा," ती म्हणाली.

"आता? ते येतीलच."

"येऊ दे की. त्यांच्या नावावर खपवलंत ना? मग त्यांच्यासमोर सांगा. मी सांगणार नाही. आणि लोणचं उचला तिथलं."

मी स्टूल घेऊन स्टोअरमध्ये चढलो. साडीची गाठ तिनेच सोडली. रंग तसाच होता. बैठकीवरच्या तेलाचे डाग तिने पुसले, घडा ठेवला, आणि बोट न लावता परत जाऊन गॅस पेटवला.

घंटी वाजली. माझा हात सवयीने देवघराच्या दाराकडे गेला. मी तो परत घेतला. दार उघडंच राहिलं.

या वेळी साहेब स्वतःच खजुराचा डबा घेऊन आले. बसले, कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पहिला घोट घेतला, आणि त्यांचं लक्ष टेबलावर गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोटाने बैठक ढकलली. सिंह, बाई-पक्षी, घोडमासा, सगळे चालायला लागले.

"या मुहंदिस," अरबीत 'अहो इंजिनियर' अशी हाक मारून ते मला म्हणाले, "हे सगळे कुठे निघालेत?"

मग त्यांनी बैठक थांबवली. बिबळ्या नेमका त्यांच्यासमोर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे. "याला मी ओळखतो," ते म्हणाले. "हा माझ्या खात्यात कामाला होता."

ही पुऱ्यांचं ताट घेऊन दारात आली होती. तिला हसू आलं होतं आणि तिने ते दाबलं होतं, एवढं मला दिसलं. त्याने मला धीर आला असेल. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. हा घडा हिने रंगवला. तुम्हाला तो पसंत नाही असं मी हिला सांगितलं. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हतात. मी घाबरलो आणि तुमचं नाव वापरलं. मी तुमची माफी मागतो.

साहेबांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे या घरात मी इतकी वर्षं वाईट माणूस होतो," ते म्हणाले, "आणि वर खजूरही मीच पाठवत होतो?"

"वाईट नाही," ही ताट ठेवत इंग्रजीतच म्हणाली. "मोठ्या मनाचे."

ते मोठ्याने हसले. मग हसणं थांबवून माझ्याकडे वळले. "माझ्यापुरतं मी सोडून दिलं. पण घडा माझा नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की स्वयंपाकघरात मी हिला फक्त काय घडलं ते सांगितलं होतं. माफी मागितलीच नव्हती. साहेबांना मराठी कळत नाही, तरी ते कान देऊन बसले. ही ताटाच्या कडेला हात ठेवून उभी होती, नखांत पीठ होतं. मी उठून उभा राहिलो.

"तुझी चित्रं मला आवडली होती," मी तिला म्हणालो. "घाबरलो मी, आणि ब्रश सुटला तुझ्या हातातून. कोणी अडवलं नव्हतं तुला, मी अडवलं. माझं चुकलं. मला माफ कर."